भिंतीशी लटकवलेला माऊस

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

टाळकं फिरलंय नुसतं. माझ्या फ्लॉपीच्या डब्यातले प्रोग्राम म्हणजे निव्वळ हौस. एक आज भाजी कोणती करायची ते सांगतो, एकात मांजर स्क्रीनवरून चालत जातं. आणि एक भूकंपानंतर केलेला. माऊस वायरीनं भिंतीशी लटकवायचा, त्याची गोळी भिंतीला जरा घासली की कॉम्प्युटर कोकलतो. ट्रक गेला तरी कोकलतो. आई अजून उशाशी तांब्यावर पेला पालथा घालूनच झोपते. जमीन हलली की पेला वाजेल, तिचा भरवसा त्यावर.

मी जिथं प्रश्नपत्रिका टाइप करते, त्या क्लासच्या सरांना तिथल्याच कॉम्प्युटरवर गंमत म्हणून दाखवला. तर आज माऊस तसाच भिंतीशी, आणि दारावर पाटी! "भूकंपाची आगाऊ सूचना देणारा लातुरातला एकमेव क्लास." आगाऊ? अहो, तो माऊस हलेल तेव्हा भिंतही हलतच असेल की!

म्हटलं, पाटी काढा. तर सर म्हणे, "मॅडम, तुमच्या खेळण्याला किंमत आली, तर चिडायलात कशाला?"

तेवढ्यात औशाकडच्या एक बाई पोरीच्या अ‍ॅडमिशनला आल्या. त्यांचं घर भूकंपात गेलेलं. मी सरांसमोरच सांगून टाकलं, "मावशी, हे खेळणं आहे. याच्यावर विसंबू नका."

त्या पाटी वाचून आल्या होत्या. लटकत्या माऊसकडे बघत राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आसू दे, बाई. तेवढं रोज चालू ठेवत जावा. पोरगी हितं ठेवून चालले मी."