रूटचा पासवर्ड

अण्णा, तुम्ही कॉम्प्युटरलासुद्धा कुलूप लावलं होतंत, ते आठवून आज हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला.

नव्वदचं दशक सरत होतं. भिंगारचं आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीखाली लोखंडी टेबल, त्यावर सुटे भाग जुळवून घेतलेला कॉम्प्युटर. बारावीनंतर कॉलेजऐवजी मला तो मिळाला, म्हणजे पोरगी घरात बसूनच शिकेल. दुकानदार तुम्हाला म्हणाला, "साहेब, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो, फुकटातलं हाय. यावर गेम चालत न्हाईत. रूटचा पासवर्ड, मशीनच्या मालकाचा, तेवढा तुमच्याकडं ठेवा, म्हंजे पोरीला परस्पर काय बसवता येनार न्हाई." डेपोचं स्टोअर जन्मभर सांभाळलेले तुम्ही. त्यातलं कुलूप-किल्ली तेवढं तुम्हाला कळलं आणि तुम्ही खूश झालात.

मग पुण्याच्या मामेभावाने बंदुकीचा एक गेम पाठवला. कॉपी केलेला नव्हे, चांगला विकतचा, खोक्यातला. सोबत कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली सीडी, तिच्यात तोच गेम लिनक्सवर चालवायची फाईल. तीन आठवडे मी काळ्या पडद्याशी झटत होते, पण गेमचं चित्र दिसायला रूटच लागायचं. शेवटी तुम्हाला सांगितलं. तुम्ही खोकं उलटसुलट पाहिलंत. "विकतची वस्तू हाय, वाया न्हाई घालवायची. रविवारी एक तास इश्यू करीन," तुम्ही स्टोअरच्या भाषेत म्हणालात.

आणि खरंच दर रविवारी तुम्ही यायचात. मला भिंतीकडे तोंड करायला लावून एका बोटाने पासवर्ड टाइप करायचात, "झालं की सांग, बंद करतो," म्हणून दाढीला बसायचात. अण्णा, रूट एकदा उघडून दिलं की अख्खं मशीन हाती येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच रविवारी, तुमच्या तोंडाला साबण असतानाच, मी माझ्या नावाला सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या; आता तुमचा पासवर्ड लागणारच नव्हता. तरी पुढे वर्षभर हाक मारत राहिले, "अण्णा, रूट!" दाढी उरकून तुम्ही मागे खुर्ची ओढता. मी गेममधल्या भुयारात दार शोधत पळतेय आणि तुम्ही म्हणताय, "तिकडं न्हाई गं, तिकडनं आत्ताच आलीस."

पुण्याच्या कॉम्प्युटर कोर्सचा फॉर्म आला तेव्हा आई भाकरी थापत होती. तुम्ही फॉर्म वाचून त्याची घडी घातलीत. "गेम लावायला हिला बाप लागतो, आन् पुन्यात एकटी राहनार व्हय?" आईचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्या रविवारनंतर मला तुमचा पासवर्ड लागतच नव्हता, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. तुमचं मन कशाला मोडा, अशी मीच माझी समजूत घातली.

मी अजून भिंगारलाच आहे. एका ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं टाइप करते, रोज तेच टेबल, तीच भिंत, जीव घुसमटतो. भाची विचारते, "मावशी, तुला एवढं येतं, मग तू बाहेर का नाही पडलीस?" मी सांगते, अण्णांनी सोडलं नाही. सगळे हळहळतात. तुम्ही गेल्यावर तर हे सांगणं फारच सोपं झालं.

हे कुठे पाठवायचंच नाही, म्हणून खरं ते लिहिते. फॉर्म आला त्या रात्री तुम्ही आईला म्हणालात, "हट्ट धरला आसता तर सोडली आसती मी." मी जागी होते. फॉर्म भरायला अजून चार दिवस होते. ते चार दिवस मी तुमच्यासमोर यायचं टाळलं. मला पुण्याची भीती वाटत होती, अण्णा.