गोरीनं बर्गर नाकारला त्याची हकीकत

तात्यापारा, रायपूर
शुक्रवार

श्री. नरहरीबुवा यांस,

बाबारावाचा वाकून नमस्कार. (मेव्हण्याला कोणी वाकून नमस्कार करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कंबर धरली आहे, सरळ होताच येत नाही. तेव्हा जो मिळतो तो घ्या.) तुमचा खोकला आणि वहिनींचा गुडघा दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. तुमची बहीण मंदाकिनी खुशाल आहे. माझ्याशी बोलत नाही, पण खुशाल आहे. का बोलत नाही, तेच लिहायला बसलो.

इथे राजधानी झाल्यापासून ज्याला त्याला काही ना काही झालं आहे. कोणाच्या दारापुढे फुटपाथ झाला, पानवाल्यानं दुकानाचं नाव 'कॅपिटल' ठेवलं, आणि मी, पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस, बर्गरचा इतिहासकार झालो. हसू नका. नात पिंकी एक दिवस पुडक्यात बर्गर घेऊन आली. आता माझा सारा जन्म पुडकी पाहण्यात गेला; पुडकं दिसलं की 'कुठून आलं, कुठे जाणार' हे तोंडातून आपसूक निघतं. पिंकी म्हणाली, "चौक से आया है दादाजी, पेट में जाएगा." एवढ्यानं माझं समाधान होते काय? लायब्ररीत बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन शोध लावला की याचं नाव हॅम्बर्ग नावाच्या जर्मन बंदरावरून पडलं. म्हणजे मालाच्या अंगावरच पाठवणाऱ्या स्टेशनाचं नाव! मला तर गहिवरून आलं.

हे सगळं मी बंडू केबलवाल्याला दारातच ऐकवलं. (बंडू आपल्याकडचाच, मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते.) तो म्हणाला, "काका, आप तो टीवी पे आ जाओ." झालं. 'राजधानी का बर्गर', दर रविवारी, थेट प्रसारण. रायपुरात बर्गर पहिल्यांदा कोणी विकला हा माझा विषय. तीन दुकानदार पुढे आले, तिघांपाशीही पुरावे होते, तिघांनीही प्रेमानं चहा पाजला. मी तीन रविवारी तिघांनाही पहिला ठरवून टाकलं. बाजारात लोक 'बर्गरवाले दादाजी' म्हणून हाक मारू लागले. कुणाची दृष्ट लागली कोण जाणे, चौथा रविवार उजाडला.

त्या रविवारी बीरगांवच्या धर्मपालची पाळी होती. मोठा गुणी पोट्टा. सिलतऱ्याला कारखान्यात भट्टीसमोर उभा राहायचा. ते सोडून त्यानं आमच्या चौकात बर्गरचा ठेला लावला. बर्गरच्या आतल्या टिकियेत त्याची आई अंजनाबाई घरी भाजलेला काळा मसाला घालते. नुसत्या वासानं नागपूर जवळ आल्यासारखं वाटते. मी कॅमेऱ्यासमोर हॅम्बर्गपासून तात्यापाऱ्यापर्यंतचा प्रवास सांगितला, बर्गर हातात घेतला, आणि बुवा, हातानं दगा दिला. लहानपणापासूनची सवय, पहिला घास गाईचा! पहिला घास मोडला आणि शेजारी उभ्या गोरीपुढे धरला.

गोरी म्हणजे आमच्या पाऱ्यातली, मोहल्ल्यातली गाय. हिनं आजवर काय खाल्लं नाही? सिमेंटची रिकामी थैली खाल्ली, पिंकीची गणिताची वही खाल्ली, निवडणुकीत तर सर्व पक्षांची पोस्टरं सारख्याच प्रेमानं खाल्ली. त्या गोरीनं बर्गर हुंगला, एक फुर्रकन श्वास सोडला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून भिंतीवरचं सर्कशीचं पोस्टर ओढू लागली. बंडूला काय सुचलं देव जाणे, त्यानं कॅमेरा तिच्या तोंडावरच नेला. सर्कशीतला हत्ती संपेपर्यंत राजधानीनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर कावळा नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "जो गाय पोस्टर खा जाती है, वो भी नहीं खाई!" मी घरोघरी समजावून राहिलो की जनावराच्या तोंडावर माणसाचा धंदा ठरवणं हा अडाणीपणा आहे. लोक ऐकतात, मान हलवतात आणि गुपचुप (म्हणजे आपली पाणीपुरी) खायला दुसऱ्या ठेल्यावर जातात. मग बर्गरला गूळ लावून गोरीपुढे धरला. तिनं गूळ चाटला, बर्गर ठेवला. सरकीची ढेप लावली, तर ढेप खाल्ली आणि वरून बंडूच्या कॅमेऱ्याचं कव्हर खाल्लं.

परवा अंजनाबाई घरी आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मसाल्याचा डबा मंदाकिनीपुढे ठेवून म्हणाल्या, "बाई, वाया जाईन, तुमी तरी वापरा. पोरगा पुढच्या सोमवारपासून भट्टीवर जातो म्हणते." त्या गेल्या तेव्हापासून तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही. भाजीत मात्र तोच मसाला घालते, म्हणजे प्रत्येक घासाला ठसका.

असो. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. काम काही नाही.

आपला,
बाबाराव

ता. क. — काम एवढंच, की तुम्ही ढोरांच्या दवाखान्यात आहात. 'गोरी नामक गाय, रंग पांढरा, डावं शिंग मोडकं, हिला त्या रविवारी अरुची होती' असा शिक्क्याचा दाखला परतीच्या टपालानं पाठवावा. गाय पाहिल्याशिवाय दाखला देता येत नाही म्हणाल, तर बंडूकडून तिची कॅसेट पाठवतो. चेहरा स्पष्ट आला आहे.

ता. क. दुसरा, शनिवार — पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. काल संध्याकाळी धर्मपालला दाखल्याची युक्ती सांगायला गेलो. तो तवा पुसून ठेवत होता. म्हणाला, "काका, गाईचं सोडा. तुमी तरी कुठं खाल्ला?" बुवा, खरंच होतं. गोरीनं तोंड फिरवलं तेव्हा मीही हातातला बर्गर हळूच खाली ठेवला होता, आणि त्यानंतर आजतागायत तोंडाला लावला नव्हता! घरी येऊन मंदाकिनीला सांगितलं, तर पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "लोकं गाईले नाही, तुमालेच पाहून राहिले होते. गाईले पह्यला घास द्याचा असते, गाईले विचारून जेवाचं नसते."

आज सकाळी बंडूला कॅमेऱ्यासकट ओढत नेलं आणि ठेल्यासमोर उभ्यानं दोन बर्गर खाल्ले. दुसरा कार्यक्रमासाठी नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं, ते मसाल्याचं. माझ्यामागे मंदाकिनीनं एक मागितला, तिच्यामागे पानवाल्यानं, आणि निघालो तेव्हा धर्मपाल, "रुको भैया, लाइन से!" म्हणून ओरडत होता. तेव्हा गाईचा दाखला नको. पाठवायचाच असला तर माझ्या नावानं पाठवा: जनावर बाबाराव, रंग सावळा, आजार अरुची, आता उतार.

गोरी शेजारीच उभी होती. घास तिच्यापुढे ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.