पाणी कोणाला

सोमवार, दिवेलागणीची वेळ

जीप आजपण चालू झाली नाय. चावी फिरवली की नुसती कट कट करते. उद्या सकाळी यांना कल्याणच्या डॉक्टरकडे न्यायचंय, दीर येणार चालवायला. एसटीची पायरी यांना चढवत नाय. इतकी वर्षं हीच जीप यांनी मुरबाड-कल्याण चालवली, तिचं सगळं दुखणं यांना ठाऊक. पण लकव्याने जीभ गेली, चारपाच शब्द उरलेत.

कट कट ऐकून खाटेवरून ओरडले, "पाणी!" मी तांब्या नेला, तर प्यायले नाय. परत चावी, परत "पाणी!", परत तांब्या. तिसऱ्यांदा तांब्याच उडवला. मीपण बोलले, "मग काय घासलेट पाजू?"

शेजारची बायजाक्का कुडावरून हसली, "अगो, दादा स्वतःसाठी नाय मागत. बॅटरीत पाणी घाल म्हणतोय!"

बॅटरीची सहाही बुचं काढली. आत कोरडं. तोच तांब्या बोअरवर भरला आन् ओतला. यांना सांगितलं तर डोळे मिटून घेतले. मग बायजाक्का म्हणते, बॅटरीला दुकानातलं बाटलीतलं पाणी लागतं, बोअरचं घातलंस तर मेली ती. आधी सांगायला काय झालं होतं हिला?

चावी फिरवली. आता कट कटपण नाय.

मघाशी हे परत म्हणाले, "पाणी." हळूच. तांब्या भरून दारातच उभी राहिले. यांना तहान लागली का गाडीचं सांगतायत, ते विचारायची हिंमतच झाली नाय.