घर क्रमांक २१३, माणसं शून्य

३ मार्च
पोचलो एकदाचा! गावाची माहिती लिहायची आहे: भूगोल, इतिहास, लोकसंख्या. मुदत आठ दिवस. पोस्टमास्तरांच्या घरी माडीवरची खोली मिळाली. खिडकीतून सगळं गाव दिसतं. तिन्ही बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला दगडाची खाण आणि खाणीच्या वर टेकडी. गाव पूर्वी नदीपलीकडे होतं, पुरानंतर इकडे सरकलं, हे मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, जिना चढता चढताच सांगितलं. नदी-डोंगरांचंच लिहाल, की आम्हा माणसांचंही काही येणार त्यात, असंही विचारून झालं. इतिहासाची अर्धी पानं इथंच भरणार!

६ मार्च
दोनशे बारा घरं झाली. उरलेलं शेवटचं टेकडीवर, एकटंच. खाणीपाशी पोचेतो ऊन तापलं, गुडघा कुरकुरू लागला. वर धुराड्यातून धूर निघत होता. तरी मी दगडावर बसून लिहिलं: घर क्र. २१३, बंद. माणसं शून्य. एवढं कोण बघायला येतंय!

जेवताना काकूंनी विचारलं, टेकडीवर माझी धाकटी बहीण भेटली का? तिचा नवरा, दोन्ही मुली, होते ना सगळे? मी हो म्हणालो. चहा घेतल्याशिवाय तिनं सोडलं नसेल, ही त्यांची खात्री. दोन कप झाले, म्हणालो. खोटं किती सहज आलं!

७ मार्च
धुराडं थंड आहे. काकूंकडे बहिणीचा विषय काढला, तर त्या हसल्याच. कसली बहीण? अहो, मी एकुलती एक! मास्तरांनीही मान हलवली. भिंतीवरच्या फोटोत काकू एकट्याच उभ्या आहेत. उजवा हात अधांतरी, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा.

टेकडी चढलो. आज गुडघा आठवलाही नाही. दार सताड उघडं. चार ताटं वाढलेली, अन्न अजून गरम. माणूस नाही.

८ मार्च
कागद दुरुस्त केला. माणसं चार. नावं कुणालाच माहीत नाहीत, म्हणून मनानंच घातली. वयंही. मास्तरांना खरं सांगायला गेलो आणि हवापाण्याचं बोलून परत आलो. काय सांगणार? गुडघा दुखत होता म्हणून?

९ मार्च, सकाळ
धुराडं पेटलंय. चौघं टेकडी उतरून आली. कागदावर रकाने चार — नाव, वय, नातं, धंदा. तेवढंच आहे त्यांना. चेहऱ्याच्या जागी नुसतं सपाट —

इतरांना दिसतच नाही ते. काकू मात्र दारात थबकल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, मेलं म्हातारपण, हिचा चेहराच आठवेनासा झालाय. तुम्ही त्या दिवशी हिच्या हातचा चहा घेतलात. हीच ना हो माझी बहीण?

नाही म्हणालो असतो, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

हीच, म्हणालो.

दुपार
काकू त्यांच्याबरोबर निघाल्यात. चार दिवस राहून येते म्हणाल्या. रस्त्यावर दिसताहेत — मधोमध काकू — बहिणीचा हात घट्ट धरून —

सांगायलाच हवं. उंबऱ्यात उभा राहून लिहितोय. हाक मारली. ओरडून सांगितलं, काकू, मी वर गेलोच नव्हतो — खोटं बोललो — परत या —

पाचही जण वळले. त्यांतल्या काकू कोणत्या, ते —