चाकं पलंगाखाली आहेत

४ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार, वि. वि.

आधी माफी मागते. शुद्धलेखन माझं शाळेत असतानाच लंगडं होतं, आणि आता आईच्या फोनवर एका बोटाने लिहितेय, कारण बाकीच्यांना ग्रीस लागलंय. एक ओळ लिहायला चहा निवतो. तुमच्या बोटीवर नेट येईल तेव्हा सावकाश वाचा.

तुम्ही गाडीचा शब्द भंगारवाल्याला दिलात, हे मला शनिवारी आईला आलेल्या त्याच्या फोनवरून कळलं. रविवारी टेम्पो आणि साखळी घेऊन दारात हजर. विचारतो, घरात कोणी मोठं माणूस आहे का. आता मी अठरा पूर्ण झालेली घोडी, पण परक्या माणसासमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग मी त्याला नुसतं शेडमध्ये नेलं. गाडी विटांवर बसलेली. चारही चाकं मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. चाकं कुठायत म्हणाला, मी खांदे उडवले. बडबडत गेला.

चाकं पलंगाखाली आहेत. आई म्हणते, पंक्चरवाल्याच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतं. पण तिनेही कोणाला सांगितलेलं नाही.

गाडी विकायची नाही, बाबा. तोंडावर म्हणता आलं नसतं, म्हणून लिहून ठेवते. आणि शाळेतही परत जाणार नाही. वर्गात उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा आणि सगळी बाकं वळून बघायची. इंजिन वळून बघत नाही. मला याच कामात शिरायचंय, आणि शिकायला माझ्याकडे हे एकच इंजिन आहे. ते गेलं तर मी कशावर शिकू, पंख्यावर?

काका सगळ्यांना सांगतात इंजिन गेलंय. कुठे गेलंय ते सांगत नाहीत. ताईच्या लग्नाच्या दिवशी ते चौकात बंद पडलं, पाहुण्यांनी हॉलपर्यंत ढकलत नेलं, आणि तेव्हापासून तुम्ही बॉनेटला हात लावला नाही. मी लावला. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा फेस नाही, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. पट्ट्याने फिरवलं तर फिरतं, म्हणजे जाम नाही. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता, तो काढला. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. ठिणगीही पडते. तरी चालू होत नाही. दोनदा खोकतं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून भडका येतो. माझी एक भुवई अर्धी गेली, आईला वाटतंय मी मुद्दाम कोरली.

तेवढं काय असेल ते सांगा. रागावला असाल तर रागावून सांगा.

तुमचीच,
पुटपुट

---

१९ फेब्रुवारी

चि. पुटपुट हिस तिच्या बापाचे आशीर्वाद,

तुझं पत्र मेसमध्ये बसून वाचलं. आमच्या खानसाम्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना, तोंड असं का. काय सांगू, पोरीने गाडीची चाकं पळवलीत म्हणून?

माझं ऐक. अकराशे सीसीचं ते म्हातारं इंजिन. नवं होतं तेव्हाही चढावर धापा टाकायचं. टॅपेट कव्हरमधून तेल गळतं, सकाळी निळा धूर सोडतं, ठिणगी देणारे पॉइंट दर थोड्या दिवसांनी जळतात. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं. आणि भर लग्नात, सगळ्या व्याह्यांसमोर, मुलीच्या बापाला कोट काढून गाडी ढकलायला लावली तिने. लोक अजून मला ढकलगाडी म्हणतात. मी पुढची बोट त्या हसण्यापायी लवकर धरली, हे तुझ्या आईला माहीत आहे.

मला ती शेडमध्ये नको. मी परत येईन तेव्हा तिथे मोकळी जागा पाहिजे. आणि तू या वयात काळी बोटं घेऊन फिरतेस, ते मला पसंत नाही. इथे इंजिनखोलीत मी ते रोज करतो, म्हणूनच पसंत नाही. चाकं परत लाव.

पॉइंटची फट किती ठेवलीस? प्लगची किती? पॉइंट अर्ध्या मिलिमीटरच्या आतच हवेत. भडका येतो म्हणजे ठिणगी अवेळी पडतेय. वायरी पुस्तकाप्रमाणे लावल्यास का? एक, तीन, चार, दोन, हाच क्रम. तपासून कळव. हे विकायच्या आधी सहज विचारतोय.

जेवत जा. आईला त्रास देऊ नको.

तुझाच,
बाबा

---

२ मार्च

ती. बाबांना नमस्कार, वि. वि.

चाकं लावलेली नाहीत. फटी दोन्ही बरोबर आहेत, फीलर गेजने मोजल्यात. वायरीही तुमच्या त्या फाटक्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणेच होत्या, एक तीन चार दोन. तरी भडका. मग मला पुस्तकाचाच राग आला आणि ते मी बाजूला फेकलं.

म्हटलं, इंजिनलाच विचारू. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला आणि भोकावर अंगठा दाबला. आई कामावरून आलेली, तशीच पर्स खांद्याला अडकवून पंख्याचा पट्टा धरून इंजिन हळूहळू फिरवत होती आणि मला शिव्या देत होती. हवेने अंगठा उडवला, पिस्टन वर आला, तेव्हा तिला थांब म्हटलं आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आतला रोटर पहिल्या प्लगच्या वायरीकडे बघायला हवा ना? तो बघत होता चौथ्याच्या वायरीकडे. म्हणजे चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा तो डबाच आपल्या गाडीत पाठमोरा बसलाय. पुस्तकाप्रमाणे वायरी लावल्या की ज्याची पाळी नाही त्याच्या ताटात वाढलं जातं.

मी आईला म्हटलं, हा उलटा असेल तर गाडी पूर्वी इतकी वर्षं चालली कशी? तेव्हा ती पट्टा धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, अगं, त्या दिवशी चौकात तुझ्या काकांनी झाकण उघडलं होतं. वायरी चुकीच्या लागल्यात म्हणाले, पुस्तक काढून सगळ्या नीट लावून दिल्या. तुम्ही तेव्हा हॉलवाल्याशी फोनवर होतात.

बाबा, आधी बंद पडली ती कशाने पडली ते माहीत नाही. पण मेली ती काकांच्या मदतीने.

मी एक आणि चार बदलल्या, दोन आणि तीन बदलल्या. चोक ओढला. आईने किल्ली फिरवली.

शेजारचा शिंपी धावत आला, त्याला वाटलं गॅसचा सिलिंडर फुटला. निळ्या धुराने शेड भरली, आम्ही दोघी खोकत होतो, आणि आई डोळे पुसत म्हणत होती धूर लागतोय. धूर होताच, खोटं नाही. मग गाडीने लय धरली. थोडी अडखळते, टॅपेट वाजतात, पण चालते.

तो डिस्ट्रिब्युटर उलटा बसवला कोणी? दोष द्यायला नाही, मला माहीत असायला हवं म्हणून विचारतेय.

आठवण ठेवा, राग नको.
पुटपुट

---

१७ मार्च

चि. पुटपुट हिस आशीर्वाद,

मी बसवला. आणि चुकून नाही. जुना डिस्ट्रिब्युटर झिजला होता, तसा मिळेना, दुसऱ्या मॉडेलचा आणला. त्याची व्हॅक्यूमची डबी ब्लॉकला अडत होती. मग अख्खा डबा अर्धा फिरवून बसवला आणि वायरी त्याप्रमाणे बदलल्या. त्यात वावगं काही नव्हतं. गाडी त्यावर व्यवस्थित पळत होती. फक्त कोणाला सांगितलं नाही, कारण आपल्या घरात माझ्याशिवाय बॉनेट उघडणारं कोणी असेल असं मला वाटलंच नव्हतं.

तुझं पत्र मी बोटीवरच्या सेकंड इंजिनिअरला वाचून दाखवलं. अंगठ्याचं ऐकून तो हसला नाही. भुवईचं ऐकून हसला.

आता पुढचं. चालू गाडीला भंगारापेक्षा बरा भाव येतो. काकांनी गिऱ्हाईक बघितलंय, शनिवारी दुपारी येतील. ते बोलतील, तू फक्त चालू करून दाखव. तुझी हौस भागली, माझी जागा मोकळी होईल. यावर वाद नको.

तुझाच,
बाबा

---

३१ मार्च

ती. बाबांना नमस्कार, वि. वि.

वाद घालत नाही, झालं ते सांगते.

शनिवारी काका गिऱ्हाईक घेऊन आले तेव्हा गाडी घरी नव्हती, कारण आम्ही तिच्यात होतो. सकाळीच चाकं लावली. माझं शिकाऊ लायसन आहे आणि पक्कं लायसन असलेली आई शेजारी बसली होती, तेव्हा पोलिसांची काळजी करू नका. आई म्हणाली एक चक्कर मारून येऊ. पूल ओलांडला, बाजार ओलांडला, तरी ती मागे वळ म्हणेना.

पुलापलीकडच्या चढावर, ऐन उन्हात, ट्रकच्या मागे रांगत असताना, गाडी बंद पडली. अगदी लग्नात पडली तशी. मागे हॉर्नचा कल्लोळ. आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. मला शाळेतली बाकं आठवली. तरी उतरले, बॉनेट उघडलं. पंपाकडे जाणारी नळी तव्यासारखी तापली होती. पेट्रोलची आतच वाफ झाली होती, म्हणून पुढे काही जात नव्हतं. आईची पाण्याची बाटली रुमालावर ओतली आणि नळीला गुंडाळला. आता फक्त थांबायचं होतं. लग्नाच्या दिवशीही तेवढंच करायचं होतं, बाबा. कोणी थांबलं नाही.

इतक्यात पाचसहा जण बाह्या सरसावत आले. एक म्हणाला, पोरी बाजूला हो, धक्का मारतो. मी म्हटलं, हात लावू नका. त्यांना ऐकू आलं नाही बहुतेक, कारण मग मी तेच ओरडून म्हटलं. हात लावू नका, गाडी बिघडलेली नाही, तापलीये, निवली की जाईल. आणि बंपरवर जाऊन बसले. ट्रकवाले, रिक्षावाले, सगळे बघत होते. मीही त्यांच्याकडे बघत होते. कोणीतरी हसलं, कोणीतरी शिवी दिली. मी बसून राहिले. आईने पदर मागे केला, खाली उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मग किल्ली फिरवली. दुसऱ्या फिरकीला लागली. चढ पहिल्या गिअरमध्ये चढलो, धापा टाकत, पण ढकलल्याशिवाय.

घरी आलो तर गिऱ्हाईक गेलं होतं आणि काका ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, गाडी विकायची नाही. ते आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, माझ्याकडे काय बघता, ती बोलतेय ना.

शेडमध्ये मोकळी जागा मिळणार नाही. तुम्ही आलात की आणायला बंदरावर येऊ, त्याच गाडीने. ऊन असेल तर वाटेत थांबू. तुम्हाला चालवायची असेल तर किल्ली मागा, देईन. डिस्ट्रिब्युटर तुम्ही बसवलात तसाच ठेवलाय, आणि वायरींवर रंगाने आकडे घातलेत, म्हणजे पुन्हा कोणी मदत करणार नाही.

रागावलात तरी पत्र टाका. उत्तर येईपर्यंत नवा पंप बसवून होईल.

तुमचीच,
पुटपुट

ता. क. शेजारच्या शिंप्याने काल मिशी काढली. गल्लीत कोणी ओळखेना, आणि त्याचा स्वतःचा कुत्रा त्याला अजून घरात घेत नाहीये.