तळ्यावरची रानबदकं आणि माझी नेमणूक

३ सप्टेंबर
गावचे प्रमुख अकीमसाहेबांनी कचेरीत बोलावून बर्ड फ्लू प्रतिबंध प्रमुख नेमलं. पगार नाही, लाल जॅकेट आहे. उत्तरेकडून रानबदकं तळ्यावर उतरायला लागलीत. आपले पाळीव हंस त्यांच्यात मिसळले की संपलंच. बायकोनं, कामशातनं, विचारलं, प्रमुख म्हणजे हाताखाली कोण? तूर्तास कोणी नाही.

४ सप्टेंबर
तेवीस घरं फिरलो. नियम दोनच: हंस कोंडून ठेवा, तळ्यावरचं काही घरात आणू नका. सेइसेनबाय म्हातारा म्हणाला, चाळीस दिवस कोंडायचे तर त्यांना टीव्ही पण लावून द्या मास्तर. त्याचं नाव टिपून ठेवलंय.
आमचे एकतीस हंस कामशातनं रविवारीच कोंडले. म्हणजे मोहीम वेळेच्या पुढे आहे. त्यांच्या पिसांच्या दोन रजया मोल्दिरच्या लग्नात द्यायच्यात. एकाला जरी लागण झाली तरी सगळे मारतात. पोरीच्या रजयांचा प्रश्न आहे. धोका शून्य ठेवणार.

९ सप्टेंबर
गाव शिस्तीत आहे. रानबदकं मात्र नाहीत. तळ्याकाठी पाटी लावली, तिच्यावरच बसतात.
कल्पना! माझा शिकारी बाज, तुइगुन. रोगाला मुळातच हुसकावू. राउशानला फोन केला. ती आता पशुवैद्य आहे, शाळेत माझ्या भूगोलात दोनदा नापास. म्हणाली, "मास्तर, रानबदकाला हात लावू नका." मी कुठे लावतोय? बाज लावेल.

१२ सप्टेंबर
सात बदकं! बाकीची उडाली. पलीकडच्या काठावर बसली, पण उडाली.
घोड्याच्या खोगिराला सात बदकं लटकावून गावात शिरलो तर वेशीवर सेइसेनबाय. शिकारीतला वाटा मागितला. आता हा आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज. वाटेत भेटलेल्यानं मागितलं की द्यायचं, नाहीतर पुढच्या वेळी बाज रिकाम्या पंजानं परततो. दिलं. मशिदीपर्यंत आणखी पाच जण भेटले. एरवी या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.
घराला एकच उरलं. प्रत्येकाला बजावलं, नीट शिजवा. प्रबोधनही झालं.

१३ सप्टेंबर
कामशातनं बदक स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. नियम कडक करावा तो हिनंच. शेवटी हंसांच्या खुराड्याशेजारी बसून सोललं, पाणी तिथंच ओतलं. जॅकेट घातलं होतं. ती बोलत नाहीये. मटण मागितलं तर पाव आणि चहा.

१८ सप्टेंबर
दोन हंस मान टाकून बसलेत. हवा बदलली की होतं.

१९ सप्टेंबर
सहा. हवाच.

२० सप्टेंबर
राउशान पांढऱ्या पोशाखात आली. नमुने घेतले. बदकं कुठल्या घरांत गेली, विचारलं. सगळ्यांची तोंडं बंद. मी ही वही काढून तारखेसकट वाचून दाखवलं. म्हणाली, मास्तर, तुमच्या नोंदी फार व्यवस्थित आहेत. बरं वाटलं. मग मी कामशातकडे बघितलं.

२३ सप्टेंबर
सकाळी हंस मारायला न्यायची गाडी आली. आमचे एकतीस. त्या सहा घरांतलेही. कामशातनं हंसांना नावं दिली नव्हती, पण एकेकाला ओळखायची. खुराड्याचं दार तिनंच उघडून दिलं.
तुइगुन बांधून ठेवलाय, देखरेखीखाली. चांगला खातोय. त्याच्याकडे बघवत नाही.
संध्याकाळी मोल्दिरचा फोन. म्हणाली, बाबा, कापसाच्या रजया पण उबदार असतात. मी हो म्हणालो. फार वाईट वाटलं.

२४ सप्टेंबर
अकीमसाहेबांनी जॅकेट परत मागितलं. धुऊन द्या म्हणाले.
कचेरीचा फॉर्म भरायला बसलो. 'रोग कोणी आणला?' लिहिलं: रानबदकांनी. यात माझी काही चूक नाही, शास्त्र आहे. पुढचा रकाना: 'गावात कसा शिरला?' लिहिलं: उडत.
कामशात चहा ठेवायला आली. उभ्याउभ्या वाचलं. माझ्या हातातलं पेन घेतलं, 'उडत' खोडलं आणि शेजारी लिहिलं: घोड्यावरून.