घोड्याचं माप

९ फेब्रुवारी

घोडा काढला. कुत्रा झाला!

ही बघून म्हणाली, "शेपूट हलवतोय का?" हसायला काय जातं हिचं. दुकानातला ब्राउन पेपर, खडू, पट्टी — जन्मभर ज्याच्यावर कोट कापले तेच सगळं घेऊन बसलो होतो. माणसाचं धड म्हणाल तर डोळे मिटून कापीन. घोडं अडतंय ते पायांत.

तरी तो कागद जेवायच्या टेबलासमोर भिंतीवर टाचून टाकला. जेवायला तरी आमची ठकी खोलीबाहेर येते. पायाचं प्लास्टर निघून महिना होत आला. डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळलंय, आता चालवा तिला. चालते की — खोली ते टेबल, टेबल ते खोली. घोड्यांचं नाव काढत नाही. जी पोरगी आधी तबेल्यात जायची आणि मग दात घासायची, ती! लहान-लहान पोरांना, मोठ्यांनाही घोड्यावर बसायला शिकवायची. त्या काळ्या घोडीवरून पडली आणि गप्पच झाली.

ती बोलत नाही, तर तिच्या विषयाचं काहीतरी भिंतीवर असावं, एवढंच मनात आहे. हिला सांगितलं नाही. म्हणेल, म्हातारपणी खूळ लागलं.

१० फेब्रुवारी

पाहिलं तिने. पाणी मागितलं. बस.

११ फेब्रुवारी

बोलली! ताटातून मान वर न करता — "बाबा, मागच्या पायाला काढलाय तो गुडघा नाही. ती टाच आहे."

मी म्हटलं, टाच एवढ्या उंचावर? मग गुडघा कुठे गेला?

"वर. पोटाला लागून. घोडा बोटांच्या टोकांवर चालतो." आणि उठून गेली.

मी ओट्यापाशी चवड्यांवर उभा राहिलो, मग वाकून हातांची बोटं जमिनीला टेकली. ही म्हणाली, "कंबर धरली तर मी उचलायची नाही, सांगून ठेवते." पण खरंच कळलं. टाच उचलून गुडघा पुढे वाकवला की घोड्याचा मागचा पाय आपल्याच अंगात सापडतो. इतकी वर्षं विजारी शिवल्या आणि पायाकडे नीट पाहिलंच नाही म्हणायचं.

१४ फेब्रुवारी

लायब्ररीतून जनावरांच्या हाडांचं पुस्तक आणलंय. लायब्ररीवाली चष्म्यावरून बघत होती. बघू दे.

पाय जमले. पण घोडा फुगला! पुन्हा काढला, पुन्हा फुगला. पुस्तकातल्या चित्रावरून माप घेऊन, हिशोब करून मोठा केला तरी मेला जाडाच. मान जाडी, पोट जाडं, पायसुद्धा खांबासारखे.

रात्रीच्या जेवणाला ठकी बराच वेळ बघत राहिली. मग उठली, भिंतीजवळ गेली आणि रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा, तुम्ही शिलाईची जागा सोडलीत."

झालं! सगळीकडून अर्धा-अर्धा इंच. हाताला सवय — माप काढायचं, त्याच्याबाहेर मार्जिन सोडायचं आणि तिथून रेघ मारायची. मला पत्ताच नाही.

"घोड्याला कोट शिवताय का?" असं म्हणून ठकी हसली. मोठ्याने हसली. ही स्वयंपाकघरातून हातातला चमचा तसाच घेऊन बाहेर आली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नजर फिरवली, उगाच दृष्ट नको लागायला.

१५ फेब्रुवारी

मार्जिन काढून टाकलं. घोडा सडपातळ झाला. "पुढच्या पायाचं कोपर छातीला चिकटवून घ्या," असा हुकूम आला आहे.

१७ फेब्रुवारी

तबेल्याच्या बाई दुकानात आल्या होत्या. भली बाई आहे. म्हणाल्या, "एक तारखेला नवा वर्ग सुरू होतोय. तोवर तिची जागा मी रिकामी ठेवते. त्यानंतर दुसरं कुणीतरी बघावं लागेल, माझाही नाइलाज आहे."

त्यांचं चुकत नाही. पण ही जागा गेली तर ठकी त्या खोलीतून कधी निघेल असं मला वाटत नाही. घोडामैदान जवळच आहे म्हणतात, तसं झालंय.

जाता-जाता त्यांना विचारलं, मी येऊन एका घोड्याची मापं घेऊ का? त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

१८ फेब्रुवारी

बाईंनी नेमकी तीच घोडी धरून आणली. शाई. सगळ्यांत शांत हीच आहे म्हणे! त्या दिवशी ओल्या गवतावर पाय सरकला, तिचा दोष नव्हता, असं म्हणाल्या. मी मान हलवली. मनातून एक टोला द्यावासा वाटत होता. माझ्या पोरीचा पाय मोडलास आणि इथे मजेत गवत खातेस.

गळ्यात टेप, कानामागे खडू. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. टेप अंगाला लागला की तेवढीच कातडी थरथरायची, माशी बसल्यासारखी. उंची घेतली, लांबी घेतली — जवळपास सारखी! घेर घ्यायला एक टेप पुरेना, बाईंनी पलीकडून दोरी दिली. तोवर शाईबाईंनी कानामागचा खडू पळवून चावून टाकला.

पुस्तकात वाचलं होतं ते हाताने पाहिलं. माणसाला गळ्याखाली आडवं हाड असतं, ते घोड्याला नाहीच. पुढचे दोन्ही पाय धडाला नुसत्या मांसाने बांधलेले. म्हणजे मुंढ्याला बाही पक्की शिवलीच नाही, नुसते कच्चे टाके घालून सोडून दिली म्हणा! एवढं धड त्यावर तोललेलं, आणि खालचे पाय माझ्या मनगटाएवढे. हात ठेवला तर गरम, आणि आत काहीतरी सारखं धडधडतंय. एवढ्या ओझ्याने धावायचं, वर उडी मारायची. सरकणारच कधीतरी पाय.

राग ठेवायचा म्हटलं तरी राहिला नाही. खडूचा दुसरा तुकडाही देऊन आलो.

२१ फेब्रुवारी

पाठ, मान, डोकं. डोक्याच्या अडीचपट धड. ठकीने आज तीन चुका काढल्या, त्यातली एक नाकपुडीची. मापं कुठून आणली ते विचारलं. मी म्हटलं, पुस्तकातून.

२३ फेब्रुवारी

आज जमला. मलाच बघत राहावंसं वाटलं.

ठकीने पाहिला. "बरोबर आहे," म्हणाली. जेवली आणि आत गेली.

२४ फेब्रुवारी

आजही तेच. "छान." दार बंद.

हा कसला न्याय? चुकत होतो तोवर पोरगी बोलत होती. शिकलो आणि बसलो बोंबलत.

२५ फेब्रुवारी

मुद्दाम चुकवला. पुढच्या पायाचं कोपर छातीपासून चांगलं लांब काढलं. लहान मूलही ओळखेल इतकं.

ठकीने एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "परवा बरोबर होतं, आज चुकलं?" मी कागदाकडेच बघत राहिलो. "मी काय लहान आहे, बाबा? खेळणं दाखवून बोलतं करायला?"

ताट तसंच टाकून गेली. हिने ते झाकून ठेवलं. मला चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२६ फेब्रुवारी

टेबलावर आलीच नाही. हिने ताट आत नेऊन दिलं.

भिंतीवरचे सगळे घोडे काढून टाकले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. माझा घोडा!

२७ फेब्रुवारी

सकाळी तिच्या दाराशी स्टूल घेऊन बसलो. दार बंदच होतं, तरी बोललो. म्हटलं, मापं पुस्तकातली नाहीत, शाईची आहेत. तिच्याकडे गेलो होतो, शिव्या घालायच्या मनाने. तिला हात लावायला मीही भ्यालो होतो. आणि परवाची चूक मुद्दाम केली, कारण तू बोलेनाशी झालीस की मला घरात बसवत नाही. दुसरं काही सुचलं नाही. चुकलो.

मग आतून — "शाई बरी आहे?"

माझा खडू खाल्ला म्हटलं.

दार उघडलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "मला तिची भीती वाटते, बाबा. माझीच घोडी, आणि तिच्या नावाने हात गार पडतात. भ्यालेल्या मास्तरणीकडे कोण शिकेल?" तिचे हात हातात घेतले. गारच होते.

नंतर चहा पिताना आपणहून म्हणाली, "तुमचा घोडा बरोबर आहे, पण उभा आहे. चालायला लागला की सगळी मापं हलतात. पाठ हलते, खांदा सरकतो. ते टेपने कळत नाही."

मग कसं कळतं, मी विचारलं.

कप खाली ठेवला. "उद्या येते तुमच्याबरोबर. कुंपणाबाहेर उभी राहणार. आत नाही."

२८ फेब्रुवारी

मांड्या अशा भरून आल्यात की हे उभ्यानेच लिहितोय.

ठकी शाईवर बसली नाही. मी बसलो! चढताना मी उलटा पाय रिकिबीत घातला तशी ठकी ओरडतच कुंपणाच्या आत आली, आणि मग लांब दोर तिच्याच हातात. "टाचा खाली, बाबा. खाली. पोट सोडा, श्वास घ्या. पाठ हलतेय ना, तिच्याबरोबर हला."

बाई धावत आल्या. "अगं, हे काय चाललंय?"

ठकीने मागे वळूनही बघितलं नाही. "वर्ग चालू आहे, बाई. नंतर बोलू."